आत्याची फाईल

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई तू "अगं बाई" म्हणत मध्येच फोन बाबांकडे दिला असतास, आणि बाबा तुम्ही टीव्हीचा आवाज कमी करायला रिमोट शोधत बसला असतात, म्हणून लिहितेय. आधीच सांगते, रिपोर्ट चांगला आलाय. आता बसून वाचा.

महिन्यापूर्वी आंघोळ करताना डाव्या छातीत चिंचोक्याएवढी गाठ लागली. पाळी होऊन जाऊ दिली, तरी ती तिथेच. मग रजा टाकली आणि मानपाड्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास बसून दोघं सर्जन बाईंकडे गेलो.

मला वाटलेलं सरळ मशीनखाली घालतील. तर आधी नुसते प्रश्न, कधी लागली, वाढतेय का, पाळीच्या आधी बदलते का, निपलमधून पाणी-रक्त येतं का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मग बसवून बघितलं, हात कमरेवर दाबून, मग डोक्यावर नेऊन, कातडी कुठे ओढली जातेय का ते बघायला. मग झोपवून आधी चांगली बाजू तपासली, नंतर गाठीची, बोटांच्या पेरांनी, सगळी छाती, काखेपर्यंत आणि गळ्याच्या हाडाच्या वरसुद्धा. नर्सबाई शेजारी उभ्या होत्या. लाज पहिली दोन मिनिटं वाटली, मग नाही. गाठ बोटाखालून निसटत होती, ओल्या साबणासारखी. चाळिशीच्या आत आहे म्हणून मॅमोग्राफीच्या आधी सोनोग्राफी, कारण या वयात छाती दाट असते आणि मॅमोमध्ये नीट दिसत नाही. सोनोग्राफीत आलं बायरॅड्स 3 (गाठ किती संशयाची ते सांगणारा नंबर), म्हणजे बहुतेक साधीच, सहा महिन्यांनी परत बघू.

आणि इथे माझी चूक झाली. घरात कोणाला कॅन्सर होता का विचारल्यावर मी "नाही" म्हणून मोकळी झाले, कारण डोक्यात फक्त आई, मावशी आणि आजी. रात्री भांडी लावताना एकदम आत्या आठवली. तिला परळला टाटाला नेत होतात ना बाबा? मी पाचवीत होते बहुतेक, आणि आपल्याकडे "तिला छातीत गाठ झालेली" एवढंच, तेही हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाल्या वडिलांकडचंही तितकंच मोजायचं, बीआरसीए नावाचा जीन बिघडलेला असला की या कॅन्सरचा धोका वाढतो, आणि तो पुरुषांतूनही पोरांकडे येतो, प्रत्येक पोराला अर्धी अर्धी शक्यता. मग सहा महिने थांबायचं कॅन्सल, जाड सुईची बायोप्सी केली. भूल देतात, स्टेपलरसारखा टक्क आवाज येतो, दोन दिवस ठणकलं. फायब्रोअ‍ॅडेनोमा आहे, कॅन्सर नाही. हाताची तपासणी, सोनोग्राफी आणि बायोप्सी, तिन्ही एकच सांगतायत म्हणून डॉक्टरही निश्चिंत.

आई, आता तुझं. मागे तू शेजारच्या काकूंना सांगत होतीस, दुखत नाही ना मग काही नाही. उलटं आहे गं ते, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही, आणि पाळी गेल्यावर नवीन गाठ लागली तर थांबायचंच नाही. तू 63 ची, तुला एकदाही कोणी तपासलेलं नाही. मशीनची भीती वाटते तर निदान हाताने तपासून घे. टाटावाल्यांनी मुंबईत 1998 पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या जणींना ट्रेनिंग दिलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायच्या, तर पन्नाशीच्या पुढच्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने जाणाऱ्या बायका जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाल्या. माझ्याकडे ये, मी नेते, आणि रडायचं नाही.

बाबा, आत्या गेल्याचं तुम्ही बोलत नाही हे मला माहितीय आणि मीही विचारलं नसतं, पण डॉक्टरांना दोन गोष्टी हव्यात, तिला गाठ कितव्या वर्षी झाली आणि एका बाजूला होती की दोन्ही. पन्नाशीच्या आत असेल तर जीनची टेस्ट करायची का ते खारघरला टाटाच्या सेंटरला विचारू, दादालाही त्यात घ्यावं लागेल.

शनिवारी फोन करते. तोपर्यंत माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत तिची फाईल आहे का बघा, आणि असेल तर प्रत्येक पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. उजेडात काढा, मागच्या वेळच्या लाईट बिलासारखा नको.

तुमची,
मनू