पिल्लाला मारू नका, त्याला चावायला दुसरं काहीतरी द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवर जो लेख आलाय तो वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. लेखात म्हटलंय की पिल्लू चपला, फर्निचर कुरतडत असेल तर त्याला ओढत त्या फाटक्या वस्तूपाशी न्यायचं, नाक वस्तूला टेकवायचं, जबडा हाताने गच्च धरून जोरात "नाही" म्हणायचं, आणि तरी ऐकलं नाही तर नाकावर चापट द्यायची म्हणजे सवय सुटते. कृपा करून असं काही छापू नका. घरात पहिल्यांदाच कुत्रं आणलेली माणसं पेपरात आलंय म्हणजे बरोबरच असणार असं धरून तस्संच करतात, आणि भोगावं लागतं त्या पिल्लाला. मी आईपासून तुटलेली पिल्लं घरी सांभाळून पुढे चांगल्या घरी देते, त्यामुळे पिल्लू नेल्यानंतर लोकांचं काय होतं ते मला जवळून दिसतं, आणि सगळ्यात जास्त फोन कशासाठी येत असतील तर ह्या चावण्यासाठीच.

पिल्लू मुळात चावतं का हे आधी समजून घ्यायला हवं. पिल्लाला 28 दुधाचे दात असतात, ते तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात, आणि साधारण तीन-चार महिन्यांचं झालं की पडायला सुरुवात होते, पुढचे बारके आधी, मग सुळे आणि दाढा, आणि सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत तोंडात 42 पक्के दात येतात. म्हणजे थोड्या महिन्यांत अख्खं तोंड बदलतं. हिरड्या सुजतात, लाल होतात, ठणकतात, आणि काहीतरी दाबून चावलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. बऱ्याच घरांत हे चाललंय हे कळतही नाही कारण पडलेला दात पिल्लू बहुतेक वेळा गिळूनच टाकतं (त्याने काही होत नाही), पण कधीतरी दोरीच्या खेळण्यात तांदळाच्या दाण्याएवढा दात अडकलेला सापडतो, बाजूला रक्ताचा फिकट डाग, आणि मग लोक घाबरून फोन करतात. अशा हिरड्या दुखत असताना कुणी जबडा गच्च धरला तर त्या जिवाला काय होत असेल?

आणि दात येणं हे एकच कारण नसतं. पिल्लाला हात नाहीत, नवीन वस्तू काय आहे ते त्याला तोंडानेच बघावं लागतं. कंटाळा आला तरी चावतं, भूक लागली तरी चावतं, आणि खूप दमलं की तर जास्तच. हे शेवटचं लोकांना पटत नाही. लहान पिल्लाला दिवसाचे 18 ते 20 तास झोप लागते, आणि घरात सगळे त्याच्याशी खेळत बसलेले असतात त्यामुळे ती झोप होतच नाही, मग संध्याकाळी ते वेड्यासारखं धावतं, पडदे ओढतं, पायाला चावतं, आणि आपण म्हणतो ह्याच्या अंगात फार मस्ती आहे, ह्याला अजून दमवूया. अशा वेळी त्याला शांत कोपऱ्यात चघळायला काहीतरी देऊन झोपवलं की अर्धा प्रश्न तिथेच मिटतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

आता मारण्याबद्दल. आपण घरी येतो, सोफ्याची उशी फाडलेली असते, आणि पिल्लू कान पाडून, नजर चोरून कोपऱ्यात बसलेलं असतं, की लगेच आपण म्हणतो बघा, ह्याला कळतंय आपण काय केलंय ते. नाही हो, नाही कळत. 2009 साली अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्या संशोधक बाईंनी नेमकं हेच तपासलं होतं. कुत्र्याला खाऊ खायचा नाही असं सांगून मालक खोलीबाहेर जायचा, आणि परत आल्यावर कुत्र्याने खाल्लं की नाही हे त्याला कधी खरं तर कधी मुद्दाम खोटं सांगितलं जायचं. निघालं असं की तो अपराधी चेहरा मालक रागावला की दिसतो, कुत्र्याने खरंच खाल्लंय की नाही त्याच्याशी त्याचा काही संबंध नसतो, उलट ज्यांनी खाल्लंच नव्हतं त्यांना ओरडा बसला तर ती जास्तच अपराधी दिसायची. म्हणजे आपण ज्याला कबुली समजतो ती भीती असते. कुत्रं शिक्षेचा किंवा बक्षिसाचा संबंध त्या क्षणाला जे चाललंय त्याच्याशीच जोडतं, तासाभरापूर्वी फाडलेल्या उशीशी नाही, त्यामुळे त्या ओरड्यातून ते एवढंच शिकतं की माणूस दारातून आत आला की जपून राहायचं.

आणि पुढे काय होतं तेही सांगते. ज्याच्या तोंडातून सारखं ओढून घेतलं जातं, जबडा दाबला जातो, ते पिल्लू चावणं सोडत नाही, ते सोफ्याखाली जाऊन चावायला लागतं. हातात आलेली वस्तू जाईल ह्या भीतीने घाईने गिळायला लागतं. थोडं मोठं झालं की जवळ गेलं तर गुरगुरतं, आणि मग एक दिवस घरातल्या लहान मुलाला चावतं आणि लोक म्हणतात कुत्रं बिघडलं, घेऊन जा. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या अमेरिकन संस्थेने 2021 मध्ये स्पष्ट सांगितलंय की कुत्र्याला शिकवताना बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात, मार, धाक, झटके देणारे पट्टे ह्यातलं काही वापरू नये. त्यामुळे लेखातला सल्ला नुसता कठोर नाहीये, तो चुकीचा आहे.

मग करायचं काय, तर सगळ्यात आधी घर आवरायचं. हे ऐकून लोक नाराज होतात, त्यांना ट्रेनिंगची युक्ती हवी असते, पण जी चप्पल कपाटात आहे ती कुरतडली जात नाही, आणि जितक्या वेळा पिल्लू चप्पल चावून मजा घेतं तितकी ती सवय पक्की होते. चार्जरच्या वायरी उचला, रिमोट वर ठेवा, कचऱ्याच्या डब्याला झाकण लावा, आणि आपलं लक्ष नसेल तेव्हा पिल्लाला एका खोलीत नाहीतर जाळीच्या कुंपणात ठेवा, तिथे पाणी, अंथरूण आणि चावायच्या वस्तू असू देत. पण ती जागा शिक्षेची होऊ द्यायची नाही, रागावून तिथे कोंडलं की त्या जागेचा काही उपयोग राहत नाही. आणि जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी कुठली नवी कुठली हे पिल्लाला कळत नाही, दोन्हीला आपल्याच पायाचा वास असतो.

दुसरं म्हणजे अदलाबदल, ह्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. समजा पिल्लाने मोजा पळवला. आपण ओरडत मागे धावलो की त्याला वाटतं पकडापकडी सुरू झाली, आणि उद्या ते मुद्दाम मोजा आणून आपल्यासमोर उभं राहतं. धावायचं नाही. खाऊचा छोटा तुकडा मुठीत घ्यायचा, शांतपणे जवळ जाऊन खाली बसायचं, मूठ त्याच्या नाकाशी न्यायची आणि थांबायचं. आधी ते मोजा तोंडात ठेवूनच वास घेतं, मग जबडा सैल होतो, मोजा खाली पडतो, आणि त्याच क्षणी "सोड" म्हणून खाऊ द्यायचा, ते खात असताना दुसऱ्या हाताने मोजा उचलायचा, हिसकायचा नाही, आणि लगेच त्याचं स्वतःचं खेळणं पुढे करायचं, ते चावायला लागलं की शाबासकी द्यायची. त्याच्याच खेळण्यावर हा सराव करून खेळणं परतही देत जा, म्हणजे सोडलं तरी आपलं काही जात नाही हे त्याला पटतं. रोज थोडं थोडं केलं की "सोड" म्हटल्यावर ते स्वतःहून तोंड उघडतं. उद्या त्याच्या तोंडात गोळ्यांचं पाकीट असेल तेव्हा हेच कामाला येणार आहे.

चावायला द्यायचं काय, ह्यात पण गडबड होते. सुती फडकं पाण्यात बुडवून, पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि नजरेसमोर चघळायला द्यायचं, सुजलेल्या हिरड्यांना त्या गारव्याने बरं वाटतं. गार गाजरही चालतं. खेळणं घेताना नखाने दाबून बघा, थोडंसंही दबत नसेल तर ते दातासाठी फार कडक आहे, शिंगं आणि कडक हाडं चावताना वरची मोठी दाढ चिरते आणि ते फार दुखतं. शिजवलेली हाडं तर नकोतच, त्यांचे टोकदार तुकडे पडतात. आतून पोकळ रबरी खेळणी चांगली, त्यात खाणं भरून देता येतं. 1970 च्या दशकात अमेरिकेत "जो मार्कम" नावाच्या माणसाचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात खराब करून घेत होता, एकदा गाडी दुरुस्त करताना सस्पेन्शनचा एक रबरी भाग त्याच्या हाती लागला आणि तो चावण्यात कुत्रं रमून गेलं, त्यातूनच पुढे काँग हे खेळणं आलं. कुत्र्याची गरज ओळखून त्याला योग्य वस्तू दिली एवढंच त्या माणसाने केलं. सगळी खेळणी एकदम पसरून ठेवू नका, थोडी काढा, बाकीची लपवा, दोन-तीन दिवसांनी बदला.

कडू स्प्रे मिळतात, टेबलाच्या पायाला वगैरे लावायला ठीक आहेत, पण काही कुत्र्यांना त्या चवीचं काहीच वाटत नाही, त्यामुळे नुसत्या स्प्रेवर विसंबू नका.

एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवा. पिल्लू फक्त एकटं असतानाच, आणि तेही दरवाजा किंवा खिडकीची चौकटच कुरतडत असेल, सोबत सतत रडणं, लाळ गळणं असेल, तर तो दातांचा प्रश्न नाही, त्याला एकटेपणाची भीती बसलीये. तिथे खेळणी पुरत नाहीत, अगदी थोड्या वेळापासून हळूहळू एकटं राहायची सवय लावावी लागते आणि जाणकाराची मदत घ्यावी लागते.

आणि हा प्रश्न फक्त फर्निचरचा नाहीये. वायर चावून शॉक बसतो, तोंड भाजतं. बटण सेल, माणसांच्या गोळ्या, चॉकलेट, द्राक्षं, मनुके, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगम, ह्यातलं काहीही पोटात गेलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच व्हेटला फोन करायचा. मोजे आणि कापडाचे तुकडे आतड्यात अडकतात. सारखी उलटी, खाणं बंद, पोट दुखणं, शी करताना नुसता जोर करणं, असं दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, आणि मागून दोरा लोंबताना दिसला तर तो अजिबात ओढू नका, आतड्याला इजा होते.

सहा-सात महिन्यांनी पक्के दात आले की चावणं कमी होतं, आणि मग वयात येताना परत वाढतं, ते वर्ष-दीड वर्षापर्यंत चालू शकतं. नेमक्या ह्याच काळात लोक हात टेकतात, माझ्याकडे परत आलेली कुत्री बहुतेक ह्याच वयाची असतात, आणि घर दुसऱ्यांदा सुटलेलं कुत्रं परत माणसावर विश्वास ठेवायला किती वेळ घेतं ते बघवत नाही. सहा-सात महिने उलटूनही दुधाचा सुळा पडला नसेल आणि शेजारी पक्का आला असेल तर मात्र व्हेटला दाखवा, तो काढावा लागू शकतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच की त्या लेखाबद्दल एक दुरुस्ती छापावी, जबडा धरण्याचा आणि चापट मारण्याचा सल्ला मागे घ्यावा, आणि पुढच्या वेळी ह्या विषयावर लेख द्याल तेव्हा तो आधी एखाद्या पशुवैद्यकाच्या नजरेखालून जाऊ द्यावा.

आपली,
एक नियमित वाचक