मिसिंगची नोंद आणि ‘अनोळखी’चा केसपेपर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माणूस हरवल्यावर तक्रारीसाठी चोवीस तास थांबायचं असतं, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तरी हा नियम खेड्यापाड्यांत सगळ्यांना पाठ आहे. टीव्हीवरच्या मालिकांतून शिकले म्हणावं, तर मी तो खुद्द ठाणे अंमलदाराच्या तोंडून ऐकला आहे, आणि तोही अगदी मायेनं सांगितलेला. ‘पाहुण्यांकडं चौकशी करा, येतील घरी, नाहीतर उद्या या.’ शोधायला सोपे असतात ते नेमके हेच तास. माणूस पायी गेला असेल तर अजून तालुक्यातच असतो, एसटीत बसला असेल तर कंडक्टरला चेहरा आठवतो, दुकानाबाहेरच्या सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलेलं नसतं.

मी समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) या पदावर वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत नोकरी केली. पदाचं नाव ऐकून लोक गोंधळतात. गरिबाच्या औषधपाण्याची सोय लावायची, घरच्यांनी टाकलेल्यांना आश्रमात जागा मिळवायची आणि ‘अनोळखी’ पेशंटचं घर शोधायचं, अशी ही कामं. म्हणजे पोलीस ज्याला शोधत असतात, किंवा नसतात, तो बऱ्याचदा आमच्याकडे खाटेवर पडलेला असतो.

असेच एक आजोबा 108 च्या गाडीतून रात्री आले. एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडले होते. धोतर, पांढरा सदरा, खिशात चुन्याची डबी आणि दोन नाणी. केसपेपरवर ‘अनोळखी पुरुष, वय अं. 70’. अपघात विभागातून रुग्णालयाच्या पोलीस चौकीला रीतसर कळवलं, पोहोच घेतली. इथपर्यंत सगळं नियमात. आजोबा शुद्धीवर आले, पण नाव विचारलं की ‘गाडी लागली का?’ एवढंच म्हणायचे. वॉर्डबॉय मामांनी त्यांचा सदरा धुवायला काढला तेव्हा कॉलरच्या आत टेलरचं लेबल दिसलं. दुकानाचं नाव विरलेलं, पण खाली गावाचं नाव लागत होतं. त्या गावच्या पोलीस पाटलांना फोन केला, वर्णन सांगितलं. ते म्हणाले, ‘अहो, यांचा मुलगा तर तुमच्याच शहरात फिरतोय.’ खरंच फिरत होता. आदल्या दिवसापासून तो एसटी स्टँडच्या खांबांवर वडिलांचा फोटो चिकटवत होता. स्टँडपासून आमचं रुग्णालय दिसतं.

मुलगा पहिल्याच संध्याकाळी आपल्या तालुक्याच्या ठाण्यात गेला होता. तिथं त्याला वरचं वाक्य ऐकवलं गेलं. दुसऱ्या दिवशी ‘मिसिंग’, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद, दाखल झाली. ती त्या ठाण्याच्या रजिस्टरात राहिली, आमचा कागद शहरातल्या चौकीत राहिला. जिल्हा एक, पोलीस अधीक्षक एक, आणि दोन कागदांची गाठ घालून दिली ती एका शिंप्यानं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की मिसिंग दाखल होण्याआधी, तक्रारदार समोर बसलेला असतानाच, ठाणे अंमलदारानं चार फोन करावेत: जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयाच्या चौकीला, 108 च्या नियंत्रण कक्षाला, लोहमार्ग पोलिसांना आणि शेजारच्या ठाण्यांना. प्रत्येक ठिकाणी एकच विचारायचं, काल-आज कोणी अनोळखी आलंय का, जिवंत किंवा मयत. याला नवा कायदा लागत नाही, निधी तर लागतच नाही. पोलिसांची संगणकीकृत नोंद आहे, मला ठाऊक आहे. पण ‘अनोळखी पुरुष, वय अं. 70, रंग सावळा’ या नोंदीवरून संगणक तरी काय जुळवणार?

वर्णनाचं दुखणं तर निराळंच. ‘राहत्या घरातून कोणास काही एक न सांगता निघून गेला आहे. रंग गहूवर्ण, बांधा मध्यम, चेहरा गोल, नाक सरळ, केस काळे.’ आपल्या वृत्तपत्रात येणाऱ्या या निवेदनांतला फोटो काढून टाकला, तर मजकूर निम्म्या महाराष्ट्राला लागू पडेल. ओळखीची खूण या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं असतं. कारण घाबरलेल्या माणसाला ‘काही खूण?’ असं विचारलं तर तो नाहीच म्हणणार. पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय का? कवळी आहे का, वरची की खालची? हातावर गोंदलेलं काय आहे? जुन्या पिढीतल्या बायकांच्या हातावर कुणाचं ना कुणाचं नाव असतंच. कपडे कुठे शिवता? रोजची गोळी कसली? शेवटचा प्रश्न मी विचारते तेव्हा नातेवाईक चमकतात, पण फिट्सची किंवा शुगरची गोळी चुकली तर माणूस कुठे सापडेल याचा अंदाज त्यावरून येतो: रस्त्याच्या कडेला, मग रुग्णालयात. आणि विसरभोळ्या म्हाताऱ्यांबद्दल तर हमखास विचारावं, की पूर्वी कुठे राहत होते, नोकरी कुठे होती, आई कुठल्या गावची. ही माणसं अनेकदा ‘घरीच’ निघालेली असतात, फक्त ते घर चाळीस वर्षांपूर्वीचं असतं. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या फाटकाशी ड्युटीवर जायला उभा राहिलेला माणूस मी पाहिला आहे.

कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यात घरी पोहोचवते. 2018 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. नागपुरात 2021 मध्ये एका हरवलेल्या मुलाचं नवं आधार कार्ड काढताना अडचण आली, म्हणून शोध घेतला तर जुनी नोंद निघाली, आणि तो लहानपणी जबलपूरहून चुकला होता हे कळलं. अशा गोष्टी वाचून बरं वाटतं. पण घर सापडणं हे एखाद्या संस्थेच्या चिकाटीवर किंवा योगायोगावर किती दिवस सोडायचं?

मुलांच्या बाबतीत परिस्थिती सुधारली, तीही न्यायालयानं कान धरल्यावर. नोएडाजवळच्या निठारीत 2006 च्या डिसेंबरात सांगाडे निघाले, तेव्हा कळलं की तिथले आईबाप मुलं हरवल्याच्या तक्रारी घेऊन ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते. मग 10 मे 2013 रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हरवलेल्या प्रत्येक मुलाचा एफआयआर नोंदवा, अपहरण किंवा तस्करी झाली असंच धरून चाला, आणि चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्या. आज अठरा वर्षांखालच्या मुलासाठी निदान गुन्हा दाखल होतो.

अठरावा वाढदिवस झाला की मात्र माणूस फक्त एका नोंदवहीतला क्रमांक उरतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे असं कलम 173 म्हणतं. ‘झिरो एफआयआर’चे फलकही लागले. पण प्रौढ माणूस नाहीसा होणं हा गुन्हाच नाही, त्यामुळे ‘आमच्या हद्दीत येत नाही, तिकडं जा’ हे वाक्य जिथं सर्वांत जास्त नडतं तिथंच ते कलम कामाला येत नाही. गृह विभागानं मिसिंगसाठीही हद्द न पाहता नोंद घेण्याचा स्पष्ट लेखी आदेश काढावा आणि तो ठाण्याच्या दर्शनी भागात लावावा.

बाई हरवली असेल तर आणखी एक पायरी चढावी लागते. ‘कुणाबरोबर गेली असेल,’ हे आधीच ठरलेलं असतं. हातकणंगले तालुक्यातल्या आळत्याच्या अश्विनी बिद्रे स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होत्या. एप्रिल 2016 मध्ये त्या नाहीशा झाल्या. त्यांच्या खुनाचा आरोपी वरिष्ठ पोलीस अधिकारी होता. त्याला अटक व्हायला डिसेंबर 2017 उजाडला, आणि पनवेलच्या न्यायालयानं जन्मठेप सुनावली ती एप्रिल 2025 मध्ये. खात्यातल्या अधिकारी बाईच्या नातेवाइकांना एवढं झगडावं लागलं. मग ऊसतोड मजुराच्या बायकोची मिसिंग कोण किती मनावर घेत असेल? 2019 ते 2021 या तीन वर्षांत राज्यातून 1 लाख 78 हजारांवर महिला बेपत्ता झाल्याची आकडेवारी संसदेत दिली गेली होती. त्यातल्या बऱ्याच जणी परतल्याही असतील. परतलेल्यांच्या नोंदी वेळच्या वेळी बंद झाल्या तर खरोखर न सापडलेल्या कोण, हे तरी दिसेल.

आता मयतांविषयी, थोडक्यात. अनोळखी मृतदेहाची अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, आणि शवागारात जागा नसते. ठरलेल्या मुदतीत कोणी आलं नाही तर अंत्यविधी होतो, नाहीतर 1949 च्या शरीरशास्त्र कायद्याखाली देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातो. नंतर पोहोचलेल्या नातेवाइकांना फोटो आणि कपड्यांची पिशवी दाखवतात. एका बाईनं माझ्यासमोर त्या पिशवीतला स्वेटर उलटा करून टाके तपासले होते. तिनंच विणला होता. निदान डीएनएचा नमुना ठेवून हरवलेल्यांच्या नातेवाइकांशी ताडून पाहण्याची सोय केंद्र सरकारच्या डीएनए विधेयकात होती. ते विधेयक 2023 मध्ये लोकसभेतून मागे घेतलं गेलं, त्यानंतर या सोयीविषयी कुणी बोलताना मला तरी दिसत नाही.

सगळेच पोलीस असे, असं म्हणणार नाही. अंधेरीच्या डी. एन. नगर ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्या काळात, 2008 ते 2015 दरम्यान, तिथं 166 मुली बेपत्ता झाल्या. त्यांनी व सहकाऱ्यांनी 165 शोधल्या. राहिलेल्या एकीला ते निवृत्तीनंतरही शोधत राहिले. ती 2022 च्या ऑगस्टमध्ये सापडली, अंधेरीतच. तिथं काम एका माणसाच्या नावावर होतं. बाकी ठिकाणी तक्रारदार गेला की ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. प्रत्येक मिसिंगच्या पोचपावतीवर तपास अंमलदाराचं नाव आणि मोबाइल क्रमांक छापला, आणि त्यानं आठवड्यातून एकदा स्वतःहून फोन करायचा असं ठरवून दिलं, तर निम्मे हेलपाटे वाचतील. ‘अजून काही कळलं नाही’ असा फोनही घरच्यांना हवा असतो.

एक गोष्ट पोलिसांच्या बाजूनंही सांगते, कारण ती घरच्यांना आवडत नाही. सज्ञान माणसाला घर सोडून जायचा हक्क आहे. सापडलेल्या बाईला नवऱ्याच्या नाहीतर भावाच्या ताब्यात देऊन मोकळं होणं म्हणजे कधी कधी तिला जिथून ती पळाली तिथंच पुन्हा नेऊन सोडणं असतं. तिचा जबाब घरच्यांना बाहेर बसवून, महिला अंमलदारासमोर घ्यावा. पत्ता सांगू नका असं ती म्हणाली, तर ‘सुखरूप आहे’ एवढंच घरी कळवावं आणि मिसिंग बंद करावी.

आपली,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय), कोल्हापूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)