हेडलाइटचे बल्ब दोनदा बदलले, रस्ता अजून दिसत नाही

दि. १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: खराब हेडलाइट न ओळखता बल्ब-पॉलिशचे पैसे घेणे आणि चुकीचा बल्ब लावून रिफ्लेक्टर जाळणे.

महोदय,

मी दारव्हा तालुक्यातला (जि. यवतमाळ) कास्तकार. २०१७ साली तुमच्या कंपनीची गाडी घेतली. वॉरंटी कधीच संपली आहे, तेव्हा ‘वॉरंटीत बसत नाही’ हे उत्तर पाठवू नका. मी वॉरंटी मागतच नाही.

गाडी अंगणात, उघड्यावर उभी असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. हेडलाइटची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट असतं आणि वरचा संरक्षक थर उन्हानं गेला की ते पिवळं, धुरकट पडतं, हे मला आता कळलं. त्याचा दोष तुम्हाला देत नाही. ऊन काही तुम्ही पाडत नाही.

पण मार्च २०२४ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरला मी ‘उजेड कमी पडतो’ म्हणून सांगितलं, तेव्हा तिथल्या माणसानं स्विच दाबला, दोन्ही दिवे लागलेले पाहिले आणि नवे बल्ब टाकले. ६४० रुपये. फरक काडीचा नाही. ऑक्टोबरात पुन्हा गेलो. या वेळी ‘पॉवरचे’ बल्ब टाकतो म्हणाले, १,१५० रुपये. आठवडाभर बरं वाटलं. नंतर उजेड पहिल्यापेक्षाही मरगळला. यंदा एप्रिलमध्ये काचेला पॉलिश करून दिलं, १,८०० रुपये. पोळ्यापर्यंत काच पुन्हा पिवळी, कारण घासल्यावर वरून नवा संरक्षक थर लावलाच नव्हता.

गेल्या महिन्यात दिग्रसहून रात्री परतताना कापसाची ट्रॉली पुढे होती, मागे लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. मला ती दिसली तेव्हा मधे जेमतेम दोन बैलबंड्यांचं अंतर होतं. ब्रेक लागला म्हणून हे पत्र लिहितोय. ट्रॉलीवाल्याची चूक आहेच. पण त्याच रस्त्यावर रोहीही (नीलगाई) आडवे येतात, त्यांना कोण दिवे लावणार?

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याच्या इलेक्ट्रिक मिस्तरीकडे गेलो. त्यानं आधी बल्बला हातच लावला नाही. गाडी सपाट जागी, भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करून डिपर, म्हणजे खालचा झोत, लावला. चांगल्या दिव्याची भिंतीवर वरून कापल्यासारखी रेघ उमटते आणि ती डावीकडे थोडी वर चढते. माझ्या गाडीचा नुसता पिवळा डाग पडला, सांडलेल्या वरणासारखा. मग त्यानं विचारलं, ‘भाऊ, डिपरवर असतानाही समोरचे तुम्हाला लाइट मारतात का?’ मारतात, दोन वर्षांपासून मारतात! मला वाटायचं लोकच उर्मट झाले. धुरकट काचेतून उजेड विखुरतो, त्यामुळे आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो.

मग होल्डरला मीटर लावला. व्होल्टेज बरोबर, म्हणजे वायरिंगचा दोष नाही. शेवटी बल्ब काढला. त्याच्या बुडावर १००/९० लिहिलं होतं. तुमच्याच माहितीपुस्तिकेत या गाडीला एच-४ प्रकारचा, ६०/५५ वॉटचा (वरचा झोत/डिपर) बल्ब सांगितला आहे. त्या जास्तीच्या उष्णतेनं होल्डरचं प्लास्टिक वाकलं, रिफ्लेक्टरची चांदी उडून तिथे तपकिरी चट्टे पडले, आणि आत पाण्याचे थेंबही साचलेले दिसले. रिफ्लेक्टरच गेल्यावर बल्ब कोणताही टाका, काच कितीही घासा, उजेड पुढे फेकणार कोण? पूर्ण हेडलाइटच बदलावे लागणार, असं मिस्तरी म्हणाला. एवढं पाहायला त्याला वीस मिनिटं लागली. तुमच्या सर्व्हिस कार्डावर मात्र तिन्ही वेळा ‘लाइट्स: ओके’ असा शिक्का आहे. दिवा लागतो की नाही एवढंच तुमची माणसं बघतात, तो कुठवर पोचतो हे नाही.

दोन्ही बाजूंचे हेडलाइट पूर्ण बदलून, भिंतीवर लेव्हल लावून, विनामूल्य द्यावेत. एकच बदलू नये, नाहीतर एक डोळा तेज आणि एक मंद होईल. तिन्ही बिलांचे ३,५९० रुपये परत करावेत. आणि १००/९० चा बल्ब कोणाच्या सांगण्यावरून बसवला, ते लेखी कळवावं.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदवीन. पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, ही चौकशी करून ठेवली आहे.

तुमचा माणूस पाठवायचा असेल तर दिवसा पाठवा. कापूस वेचणीचे दिवस आहेत, मी वावरात असतो. सांज झाली की गाडी सध्या अंगणातून हलत नाही.

आपला,
एक ग्राहक, ता. दारव्हा

सोबत: तीन बिलांच्या प्रती, सर्व्हिस कार्डाची प्रत, भिंतीवरच्या उजेडाचे आणि रिफ्लेक्टरचे फोटो. काढलेले दोन्ही बल्ब माझ्याकडे डब्यात जपून ठेवले आहेत, ते पोस्टानं पाठवणार नाही.