चर्चमधला प्रवेश का गाळता?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत भांडखोर जोड्यांच्या प्रेमपटांवरचा लेख वाचला. आधी कचाकचा भांडायचं आणि मग गळ्यात गळा घालायचा, एवढंच काय ते सूत्र, असं लेखकाचं म्हणणं. हल्लीच्या बऱ्याच सिनेमांबाबत ते खरंही आहे. पण त्याच ओघात शेक्सपिअरच्या बिॲट्रिस आणि बेनेडिकलाही त्यांनी त्याच रांगेत बसवलं, ते मला सहन झालं नाही.

'मच अडू अबाउट नथिंग' हे त्यांचं नाटक १६०० साली छापलं गेलं. इटलीतल्या मेसिना शहरातली ही दोघं लग्नाचं नाव काढलं तरी नाक मुरडणारी. पुरुषाच्या प्रेमाच्या आणाभाका ऐकण्यापेक्षा माझ्या कुत्र्याचं कावळ्यावर भुंकणं परवडलं, असं ती त्याच्या तोंडावर सांगते. पूर्वी कधीतरी त्याच्यापायी आपलं मन दुखावलं होतं, हेही ओझरतं बोलून जाते. मग मित्रमंडळी डाव रचतात. ती तुझ्यासाठी झुरतेय, तो तुझ्यावर जीव टाकतोय, असं दोघांच्या कानावर पडेल अशा बेताने बागेत बोलतात आणि दोघंही विरघळतात. लोकांच्या लक्षात राहतो तो एवढाच भाग. २०२३चा 'एनीवन बट यू' याच नाटकावर बेतलेला. त्यातही टोमणे आले, मित्रांचा डाव आला. चर्च तेवढं गेलं.

बिॲट्रिसची चुलत बहीण हीरो चर्चमध्ये लग्नाला उभी असताना नवरदेव क्लॉडिओ तिच्यावर आळ घेतो, की ही काल रात्री परपुरुषाशी बोलत होती. राजपुत्र त्याची री ओढतो. जन्मदाता बाप म्हणतो, ही मेलेली बरी. बेनेडिक क्लॉडिओचा जिवलग दोस्त, राजपुत्राच्या मर्जीतला. तरी तो त्यांच्यामागे निघून जात नाही. सगळे पांगल्यावर बिॲट्रिसला विचारतो, 'इतका वेळ रडत होतीस?' प्रेमाची कबुली देतो. तुझ्यासाठी काय करू ते सांग, म्हणतो. ती म्हणते, 'क्लॉडिओला मार.'

कऱ्हाडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असताना मी गॅदरिंगसाठी हा प्रवेश मराठीतून बसवला होता. पहिल्या तालमीत या वाक्याला सगळे हसले, बेनेडिक झालेला मुलगासुद्धा. बिॲट्रिस करणारी मुलगी एस. वाय.ची. ओढणीचं टोक बोटाला गच्च गुंडाळून उभी होती. म्हणाली, 'बाई, तो हसतोय कशाला? तिच्या बहिणीची अब्रू गेलीय.' मग मी त्याला एवढंच सांगितलं, लगेच उत्तर देऊ नकोस, तिच्याकडे बघ. तो बघत राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, 'नाही. अख्खं जग दिलं तरी नाही.'

कारण बेनेडिक आधी नकारच देतो. ती जायला निघते, मी पुरुष असते तर, म्हणून तळमळते. शेवटी तो एकच प्रश्न विचारतो. क्लॉडिओने हीरोवर अन्याय केलाय असं तुला अगदी मनापासून वाटतं? ती हो म्हणते आणि तो क्लॉडिओला आव्हान द्यायला निघतो. तोवर त्याच्या हाती पुरावा कसलाच नसतो, तिचा शब्द तेवढा असतो. बायकांच्या शब्दाची टर उडवण्यात ज्याचा जन्म गेला, तो तिच्या एका 'हो'वर जिवलग मित्रावर तलवार उपसायला तयार होतो. मला त्यांचं प्रेम इथे दिसतं, बागेत नाही.

गॅदरिंगच्या दिवशी त्या वाक्याला मागच्या बाकांवरचंही कुणी हसलं नाही.

लेखकाने चौथा अंक पुन्हा एकदा वाचावा, ही कळकळीची विनंती. आणि हे नाटक कुणी मराठीत करणार असेल, तर त्यांनी टोमणे हवे तेवढे कापावेत, पण 'क्लॉडिओला मार'नंतरची ती शांतता कापू नये.

– एक निवृत्त प्राध्यापिका, कऱ्हाड