कुठलं घर सांभाळून?

महोदय,

मुलींच्या करिअरविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. अभ्यासक्रम, प्रवेशपरीक्षा, पगार, सगळं होतं. घर तेवढं नव्हतं. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो. बाप म्हणून जरा ओशाळूनच हे लिहितो आहे.

माझी मुलगी सोळा वर्षांची. लहानपणापासून तिला सर्जन व्हायचं होतं. परवा सहज विषय निघाला तर म्हणाली, "सर्जरी नको बाबा, कधीही बोलावतात. स्किन वगैरे बरं, घर सांभाळून होतं." कुठलं घर? बाईसाहेबांना अजून स्वतःचं कपाट आवरायची आठवण करावी लागते! "तुला हवं ते कर" हे वाक्य तर माझ्या तोंडी कायमचं. मग हे तिच्या डोक्यात घातलं कोणी?

फार शोधावं लागलं नाही. आम्ही दोघंही नोकरी करतो. पण धाकट्याला ताप आल्याचा शाळेतून फोन आला की रजा हिची. माझी मीटिंग 'महत्त्वाची' असते, हिची 'बघते काहीतरी' असते. बदलीच्या गावी जावं लागेल म्हणून हिने बढती नाकारली, तो विषय आम्ही चार वाक्यांत मिटवला होता. मुलगी समोरच गणितं सोडवत बसली होती.

कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. 7 ते 13 वर्षांची 326 मुलं आणि त्यांचे पालक त्यात होते. ज्या घरांत वडील घरकामाचा बरोबरीने वाटा उचलत, तिथल्या मुलींची स्वप्नं ठरावीक 'बायकी' कामांपुरती अडकलेली नव्हती. वडील समानतेबद्दल काय बोलतात, यापेक्षा ते घरात काय करतात, याचा मुलींच्या स्वप्नांशी संबंध दिसला. कोणी म्हणेल, अशी घरं मुळातच वेगळी असतात. असतीलही. पण वाचताना मला माझं 'हवं ते कर' आठवलं आणि बरं वाटलं नाही.

2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या तरुणींबद्दल असंच काहीसं दाखवलं आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तरुण मुलींना विचारलं होतं, पस्तिशीत नोकरी करत असाल का? 'हो' म्हणणाऱ्या थोड्या निघाल्या. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त जणी पस्तिशीत कामावर होत्या. आईचं आयुष्य बघून अंदाज बांधला, त्या अंदाजावर शिक्षण बेतलं, आणि नोकरी करायची वेळ आली तेव्हा शिक्षण तोकडं पडलं. माझी मुलगी हुशार आहे, कष्टाळूही आहे. तिचा हिशेब चुकलेला नाही. हिशेबाला घेतलेले आकडे आमच्या घरातले आहेत.

मागच्या आठवड्यात शाळेचा फोन आला तेव्हा मी निघालो. वरिष्ठांनी विचारलं, "का, मिसेस गावाला गेल्यात?" घरी मुलीनेही जवळजवळ तेच विचारलं. दोघांनाही काय उत्तर द्यावं कळेना.

पुढच्या वेळी मुलींसाठी पुरवणी काढाल तेव्हा त्यात एक रकाना बापांसाठी ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक