आबा, माझी अबोली तुमच्या मोरीमागे जगली त्याबद्दल

आबा, नमस्कार. तुमची नात म्हणाली आजोबा मोबाईलवर भजनं आणि हवामान सोडून काही बघत नाहीत, तेव्हा हे तिनंच तुम्हाला वाचून दाखवायचंय. सगळ्यांदेखत लिहितेय कारण समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय बदलता.

मी रत्नागिरीची. मिस्टरांच्या बदलीनं भुसावळला आले, आणि पहिल्याच वर्षी गच्चीवर अनंत, गुलाब, फर्न आणि आईनं दिलेली अबोली मांडून बसले. नर्सरीतली रोपं हिरव्या नेटखाली वाढलेली असतात, ती एकदम गच्चीवर ठेवायची नसतात, आठ-दहा दिवस थोडं थोडं ऊन दाखवायचं असतं, हे मला ना विकणाऱ्यानं सांगितलं ना मी विचारलं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, झाडांनी माना टाकल्या, आणि मी भर दुपारी दोन वाजता पाइप घेऊन उभी. तेव्हा पलीकडच्या गच्चीवरून तुमचा आवाज आला, "ओ पोरी, झाडं कायले उकडू ऱ्हायली?"

खरं सांगते आबा, राग आला होता. पण पाइपातलं पाणी हातावर घेतलं तर चटका बसला.

मग तुम्ही आलात आणि काही न बोलता कुंडीत बोट घातलंत. काळी माती सुकून आक्रसलेली, तिच्यात आणि कुंडीत बोटभर फट, म्हणजे मी ओतलेलं सगळं पाणी त्या फटीतून सरळ ताटलीत आणि मधला गोळा दगडासारखा कोरडा, आणि मी बावळट ताटली भरली की समजायचे झाडाचं पोट भरलं! तुम्ही अख्खी कुंडी बादलीत बुडवलीत, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. त्या आवाजाची मला अजून आठवण येते. नंतर मातीत रेती आणि शेणखत मिसळायला लावलंत, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या काढायला लावल्यात कारण त्यात मुळं भाजतात, उरलेल्या मातीच्या कुंड्या स्लॅबवरून उचलून विटांवर, एकमेकींना खेटून, आणि वर केळीची सुकी सोपटं, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या साली, अंथरायची. पाणी सकाळी उजाडायच्या आत, गरज पडली तर परत दिवे लागल्यावर. अनंताचं मात्र तुम्ही तोंडावर सांगितलंत की ही माती आणि बोअरचं पाणी त्याला मानवणार नाही, पानं पिवळीच पडणार, नाद सोड. सोडला. (गुपचूप अजून एकदा आणला होता, तोही गेला.)

आणि तुमचा तो नियम, फुकट काही न्यायचं नाही. मनीप्लांट चोरूनच आणायचा असतो म्हणतात लोक, तुम्ही मात्र मरायला टेकलेली माझी अबोली मागून नेलीत आणि बदल्यात अडेनियम दिलंत, "उन्हाळ्यात द्याचं झाड हेच" म्हणून. बाकीच्या झाडांच्या लावायला काड्या मागितल्या तर मृग लागेपर्यंत थांब म्हणालात, पावसात रुजलं की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुळं धरायला आठ-नऊ महिने मिळतात, आणि काडी घ्यायची तर ज्या झाडानं भुसावळचा मे बघितलाय त्याची घ्यायची.

जूनमध्ये तुमच्याकडे आले तर तुम्ही तुमचा जुना लाइन बॉक्स, म्हणजे रेल्वेत ड्यूटीवर न्यायची पेटी, उघडलात. मालगाडीवर असताना खंडवा, बडनेरा, इगतपुरी, जिथे रनिंग रूम (गाडीवरच्या लोकांची मुक्कामाची खोली) तिथली एखादी काडी ह्याच पेटीतून आणली म्हणालात, केळीच्या ओल्या सोपटात गुंडाळून, सोपटाच्याच दोरीनं बांधून. मलाही तशीच पुडी करून दिलीत. बोगनवेल, मोगरा, पांढरा चाफा. चाफ्याची काडी मात्र पुडीबाहेर, कारण चीक वाळेपर्यंत ती कोरडीच ठेवायची असते. बोगनवेलीला मी लाडानं पाणी घालत बसले तर नुसती पानंच, एकदा गावाला गेले, आठवडाभर तहानली, आणि आल्यावर बघते तर सगळी गुलाबी. तुम्ही हसलात फक्त.

पण हे पत्र खरं त्या अबोलीसाठी आहे. मागच्या महिन्यात तुम्ही मला मोरीमागे नेलंत, तिथं भिंतीच्या सावलीत, सांडपाण्याच्या ओलीवर ती गुडघ्याएवढी झालेली आणि भरभरून फुललेली. मला बोलता येईना. तुम्ही तिचं एक वाळलेलं बोंड माझ्या तळहातावर ठेवलंत आणि वर पाण्याचा थेंब सोडलात, क्षणभर काहीच नाही, मग टक्कन फुटलं आणि बी उडून माझ्या चष्म्यावर! आईकडे इतकी वर्षं अबोली बघितली पण हे कधी बघितलं नव्हतं. आईला फोन करून सांगितलं, तिलाही माहीत नव्हतं.

ते बी जपून ठेवलंय, मृगाला लावते. तुमच्या अडेनियमला दोन शेंगा धरल्यात, फुटून बी वाऱ्यावर जाऊ नये म्हणून दोरा बांधलाय. एक शेंग तुमची. लाइन बॉक्समध्ये जागा ठेवा, आणि काकूंना सांगा ह्यावेळी चहा कमी गोड.