औषधे एकमेकांशी भिडतात तेव्हा

महोदय,

माझी आई नैराश्यावर एस्सिटालोप्राम घेते. त्या गोळीनेच ती सावरली, हे आधी सांगते. गुडघेदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी तिला ट्रॅमाडॉल दिले आणि त्याच रात्री तिचे हात इतके थरथरू लागले की चष्मा डोळ्यांवर चढवता येईना. उशी घामाने भिजली, पोट बिघडले, पावले आपोआप झटके देत होती. आम्ही साधा ताप समजून पांघरुणे घालत बसलो. तो सेरोटोनिन सिंड्रोम होता, म्हणजे औषधांमुळे शरीरात सेरोटोनिन हे रसायन अति वाढल्याने होणारा त्रास! डोस वाढवल्यावर किंवा नवे औषध जोडल्यावर तो बहुधा २४ तासांच्या आतच दिसतो. खोकल्याच्या औषधातले डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविकही त्याला कारण ठरू शकते. रुग्णालयात आईची दोन्ही औषधे थांबवली, शांत करणारे डायझेपाम दिले, अंग थंड ठेवले. गरज पडल्यास सेरोटोनिनचा परिणाम रोखणारे सायप्रोहेप्टाडिनही देतात.

ॲमिट्रिप्टिलीनसारख्या नैराश्यावरच्या जुन्या गोळ्या जास्त पोटात गेल्या, तर धोका आणखी फसवा. माणूस सुरुवातीला नीट बोलतो, मग काही तासांतच हृदयाची लय बिघडते, फिट्स येतात. घरी उलटी करवू नये. रिकामी पाकिटे घेऊन थेट रुग्णालय गाठावे. तिथे ईसीजी पाहून शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात.

हे वाचून कुणी घाबरून चालू गोळी एकदम बंद करू नये, त्यानेही त्रास होतो. डॉक्टरांना मात्र कळकळीची विनंती: नवे औषध लिहिण्याआधी ‘मनाच्या आजाराची काही गोळी चालू आहे का’, एवढे विचारा. संकोचापोटी रुग्ण ते आपणहून सांगत नाहीत.

– एक वाचक